डावी ओढ

मार्चात आडिवऱ्याच्या उतारावर
डावं चाक खड्ड्यात गेलं, धप्प,
आणि आइसबॉक्समधल्या रक्ताच्या सव्वीस नळ्या
एकदम किणकिणल्या.
एकही फुटली नाही. उतरून पाहिलं,
टायर शाबूत, रिम शाबूत.
लॅब सहाला बंद होते. निघाले.

त्यानंतर गाडी ओढायला लागली.
रत्नागिरीला जाताना डावीकडे, म्हणजे समुद्राकडे.
परतताना डावीकडे, म्हणजे कातळाकडे.
जाताना वाटायचं, हिला पाणी हवंय.
येताना वाटायचं, हिला काहीच नकोय,
नुसती खोड आहे.

मी हात शिकवले.
उजवा जरा खाली, दाबून,
जसं न लागणाऱ्या कपाटाच्या दाराला
पाय लावून उभं राहतो आपण
बोलता बोलता.

वळणं जास्त वाईट.
पूर्वी वळून झालं की स्टिअरिंग हातातून सुळकन
आपलं आपण घरी यायचं.
आता बाहेरच रेंगाळायचं,
दर वेळी जाऊन आणावं लागायचं.
कशेळी, गावखडी, सुरूचं बन, पूल.
वळणं किती ते मी मोजलं नाही.
खांद्यानं मोजलं असावं.

ऑगस्टात पूर्णगडच्या पुलावर ब्रेक मारला
नि गाडी कठड्याकडे सरकली, सावकाश,
खालच्या होडीतून कुणी ओळखीचं
हाक मारत असल्यासारखी.

मग मात्र गेले जैनुद्दीन वस्तांकडे.

"मशीन रत्नागिरीत," ते म्हणाले,
"तिथं आकडे रंगीत येतात. आमच्याकडे तंगूस."
चार लोखंडी खुंट, त्यांना मासेमारीची तंगूस
गाडीच्या दोन्ही अंगांनी ताणलेली,
छेडली तर वाजेल अशी.
ते ओणवे, पट्टी रिमला.
पोरगा वहीत लिहितोय:
पुढं अकरा. मागं चौदा.

"तीन मिलिमीटर," ते म्हणाले. "म्हणजे
किलोमीटरभर गेलात की त्यातले पाच मीटर
हा टायर चालतच नाही, आडवा फरफटतो."
आतली कड मी बोटानं चाचपली. गुळगुळीत,
एका जागी तार वर आलेली.
रोजचे एकशेदहा किलोमीटर, गुणिले पाच.
"आमच्या जेटीपासून मशिदीपर्यंत," पोरगा म्हणाला,
"रोज आडवं."

आणि ओढ?

त्यांनी पोराची सायकल ओढून आणली.
"हा फाटा बघा. उभा नाही, कललेला.
म्हणून हात सोडलेत तरी सरळ जाते.
तुमचं डावं चाक त्या खड्ड्यानं मागं ढकललंय.
उजव्याला वाट आठवते अजून, डावं विसरलंय.
नि दोघांत जे विसरतं ना,
गाडी त्याच्याकडेच जाते."

जुना लोअर आर्म त्यांनी माझ्या हातात दिला.
फिरवून फिरवून पाहिला, उजेडात धरला.
मला तर सरळच दिसला.

टाय-रॉडचे नट पाव-पाव फेऱ्यांनी.
पुन्हा तंगूस, पुन्हा पट्टी.
बारा. बारा.
दोन हजार तीनशे, वरचे पन्नास पोराला.

रस्त्याला लागले
आणि गाडी उजवीकडे गेली.
समोरून राजापूरची एसटी, हॉर्न,
ड्रायव्हरचं तोंड हललेलं दिसलं, शब्द नाही.
बाजूला घेतली. वाटलं,
परत जाऊन भांडावं चांगलं.

मग खाली पाहिलं.
उजवा हात तसाच, खाली, दाबून.
पाच महिने धरलेलं
धरूनच बसला होता.

बोटं एकेक करून सोडवली.
करंगळी शेवटी.

गणेशगुळ्याच्या सड्यावर रस्ता मोकळा होता.
हात मांडीवर ठेवले,
एक, दोन, तीन मोजले.
नळ्या गप्प. चाकं गप्प.
समुद्र डावीकडे होता,
गाडीला त्याचं काही नव्हतं.

मीच एकदा पाहिलं तिकडे.